तळ्यातल्या सोळा कमानी आणि एक रुमाल

आमच्या टॉवरच्या लिफ्टमध्ये सध्या तुर्कस्तान फार चालतं. नवव्या मजल्यावरचे जाऊन आले, चौदाव्यावरचे जाऊन आले, आणि तळमजल्यापासून घरी पोचेपर्यंत तिथल्या निळ्या फरश्यांच्या मशिदींचं वर्णन ऐकावं लागतं. मी ऐकून घेतो. पण गेल्या महिन्यात चौदाव्यावरच्यांनी विचारलं, "परब, तुम्ही असं काही पाहिलंय का हो?" त्या विचारण्यात कीव होती, आणि कीव माझ्या अंगाला सोसत नाही. मी म्हटलं, "पाण्यावर उभी असलेली मशीद पाहिलीय. परळहून टॅक्सीनं अर्धा तास." लिफ्ट चौदाव्यावर थांबली तरी ते बाहेर पडेनात. त्यांना तेव्हा उभ्याउभ्या सांगता आलं नाही ते इथं लिहितो आहे.

माझा धंदा जुन्या लाकडाचा. शहरात कुठलीही जुनी इमारत पडायला निघाली की तिचे खांब, तुळया, वासे, दरवाजे मी घेतो. शिवडीला गोदाम आहे. भोईवाड्यातल्या दहा बाय दहाच्या खोलीतून निघून इथवर आलो ते घासाघीस करून, आणि त्याची मला लाज नाही. समोरच्यानं सांगितलेल्या पहिल्या भावाला मी आजवर हो म्हटलेलं नाही. भाजीवाल्याला नाही, डॉक्टरला नाही, देवालासुद्धा नाही.

फक्त एका माणसापुढे मी अकरा वर्षं तोंड मिटून बसलो होतो. माझे व्याही, विजयकर.

विजयकर गिरगावातले, पिढ्यानपिढ्या मुंबईतले. कॉलेजात आर्किटेक्चर शिकवून निवृत्त झाले. माझ्या स्नेहलच्या साखरपुड्यात मी त्यांच्या घरी सागवानी देव्हारा भेट दिला होता, चार नक्षीदार खांबांचा. सगळे वाहवा करत होते. विजयकरांनी चष्मा कपाळावर सरकवला, चारही खांबांवरून बोट फिरवलं, आणि भरल्या घरात म्हणाले, "परबांना भाव कळतो, घडण कळत नाही." लोक हसले. मी मुलीचा बाप. मुलीच्या बापानं साखरपुड्यात काय करायचं असतं? हसायचं असतं. मी हसलो. ते हसू अकरा वर्षं दातात अडकलं होतं.

शुक्रवार सकाळ, ठाकूरद्वार

प्रवासाचं निमित्त स्नेहलनं काढलं. तिच्या सासऱ्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. त्यांना जामा मशिदीत बसून त्या इमारतीची चित्रं काढायची होती आणि एकट्यानं जाऊ द्यायला घरात कुणी तयार नव्हतं. "बाबा, तुम्ही जा ना त्यांच्याबरोबर. तुमचंच लाकूड आहे तिथं सगळं." मी लगेच हो म्हटलं. मनात म्हटलं, आता सापडले. गुडघा धरून बसलेला माणूस पळणार कुठं? या फेरीत ते वाक्य परत घ्यायला लावायचंच.

बायकोनं माझं मन ओळखलं. निघताना दारात उभी राहून म्हणाली, "थंय जावन त्वांड सोडू नकात. चेडवाचां सासर आसा तां." ती चिडली की मालवणीत जाते; मुलीच्या सासरी तोंड सोडणार नाही, असा शब्द देऊन मी निघालो.

दिवस मीच ठरवला. शुक्रवार. गोदामाला त्या दिवशी सुट्टी असते. विजयकर फोनवर म्हणाले, "शुक्रवार नको हो परब." मी म्हटलं, शुक्रवारच. त्यांनी फोनवर एक उसासा टाकला. तो मी माझा पहिला विजय धरला.

ठाकूरद्वारला त्यांच्याकडे पोचलो तेव्हा विहीणबाईंनी भानोळं केलं होतं. कोबी आणि कोळंबी घालून खालीवर निखाऱ्यात भाजतात, ते आता ओव्हनमध्ये होतं. आमच्याकडे कोळंबी सकाळी नऊला कुणी खात नाही. यांच्याकडे नऊला नाही खाल्ली तर घरात कुणी आजारी आहे का विचारतात. मी तीन तुकडे खाल्ले. तिसरा वाढताना विहीणबाई म्हणाल्या, "घ्या हो, लाजता काय?" मी लाजत नव्हतो. मी भिंतीकडे पाठ करून बसायची जागा शोधत होतो. त्या भिंतीला माझा देव्हारा होता, दिवा लावलेला, ताजी जास्वंद वाहिलेली.

इथं एक गोष्ट लिहूनच टाकतो. साखरपुड्यानंतर मी घरी जाऊन त्या देव्हाऱ्याचा मोबाईलमधला फोटो मोठा करून पाहिला होता. चौथा खांब वेगळा होता. दुसऱ्याच कुठल्या तरी वस्तूचा, नंतर बसवलेला. मी तो घाईत घेतला होता आणि भाव चांगला मिळाला म्हणून नीट पाहिला नव्हता. विजयकर खोटं बोलले असते तर मी ते वाक्य आठवड्यात विसरलो असतो.

शुक्रवार दुपार, दारापर्यंत

क्रॉफर्ड मार्केटच्या अलीकडे टॅक्सी सोडली आणि कापडबाजाराच्या गल्ल्यांतून चालत निघालो. विजयकर काठी टेकत, मी त्यांच्या वेगाला शिव्या घालत. मनातल्या मनात.

ही मशीद रस्त्यावरून दिसतच नाही, हे पहिलं ध्यानात ठेवा. चहूबाजूंनी तिला दुकानांचा वेढा आहे. खाली दुकानं, वर माडी, असा कोटच आहे म्हणा. अत्तरं, टोप्या, खजूर, कापडाचे तागे. विजयकर म्हणाले, "हे नंतर चिकटलेलं नाही बरं का परब. ही रचनाच आहे. बाहेर बाजार, आत शांतता. आणि बाजाराच्या भाड्यावर आतलं चालतं."

"म्हणजे बांधणारा व्यवहारी होता," मी म्हटलं.

"होता की. तुमच्यासारखा."

हा टोमणा होता की नाही, ते मला चर्नी रोडपर्यंत मागे जाऊनही कळलं नसतं.

दारापाशी पोचलो आणि माझ्या शुक्रवाराचा उलगडा झाला. माणसांनी रस्ता भरला होता. जुम्म्याची नमाज. शुक्रवारी दुपारी मशिदीत इमारत बघायला जाणं म्हणजे अंगारकीला गणपतीच्या देवळात खांब मोजायला जाणं.  विजयकरांनी नुसतं घड्याळाकडे बघून माझ्याकडे बघितलं.

"बोला ना," मी म्हटलं.

"मी कशाला बोलू? मी फोनवर बोललो होतो."

उद्या यायचं ठरलं. आत जाताना डोकं झाकायला काहीतरी हवं म्हणून एका दुकानात मोठे पांढरे सुती रुमाल बघितले. दुकानदारानं भाव सांगितला. विजयकरांनी पाकीट काढलं, दिले, रुमाल घडी करून खिशात. मला अंगावर काटा आला. मी तोच रुमाल, त्याच गठ्ठ्यातला, हातात घेतला, उजेडात धरला, कड ओढून बघितली, परत ठेवला, चार पावलं चालत गेलो, परत आलो. दहा मिनिटांनी मी तो जवळजवळ निम्म्यात घेतला. दुकानदार खूश, मी खूश. तो विजयकरांना म्हणाला, "चाचा, इनसे सीखो."

समोर चहा घेताना विजयकरांनी विचारलं, "परब, तुम्ही लाकूडवाले रुमालाखाली सौदा करता म्हणे. खरं का?"

खरं आहे. म्हणजे होतं. मी धंद्यात उतरलो तेव्हा जुने व्यापारी भाव तोंडानं बोलत नसत. दोघांनी हात पुढे करायचे, वर रुमाल टाकायचा, आणि खाली एकमेकांची बोटं धरून भाव सांगायचा. एक बोट धरलं तर एक, चार धरली तर चार, सगळा पंजा म्हणजे पाच. भोवती दहा माणसं उभी असली तरी कुणाला कळत नाही कोण किती चढला, कोण किती उतरला. त्यामुळे कुणाची इज्जत जात नाही. नियम एकच: रुमालाखाली झालं ते रुमालाबाहेर बोलायचं नाही. बायकोलाही नाही.

चहाच्या टेबलावर माझ्या नव्या रुमालाखाली मी विजयकरांना शिकवलं. त्यांची बोटं चित्रकाराची, लांब आणि थंड. पहिल्यांदा माझं मनगटच धरून बसले. "हा कुठला आकडा?" मी म्हटलं. "नाडी बघताय का?"

ते एवढे हसले की चहा बशीत सांडला. मला हसायचं नव्हतं.

शनिवार सकाळ, तळ्याच्या पायऱ्या

शनिवारी दहाच्या सुमारास पूर्वेच्या दारातून आत गेलो, आणि आता चौदाव्यावरच्यांनी नीट ऐकावं.

दार ओलांडलं की समोर अंगण नाही. समोर तळं आहे. हिरवट, स्थिर, खोल. चारी बाजूंनी दगडी पायऱ्या पाण्यात उतरतात. बाजाराचा सगळा आवाज पाठीमागे दारातच राहतो, जशी चप्पल राहते. आणि त्या पाण्यातून काळ्या दगडाच्या कमानी वर आलेल्या आहेत. सोळा. त्यांच्या पाठीवर अख्खी मशीद. खाली बघावं तर तीच कमान उलटी, पाण्यात पूर्ण गोल झालेली. मधूनच एखादा सोनेरी मासा त्या गोलातून आरपार जातो.

मी कोकणातला. देवळापुढचं तळं मला नवं नाही. पण आमच्याकडे देऊळ तळ्याच्या शेजारी असतं. इथं तळ्याला बाजूला सारलेलं नाही, बुजवलेलं नाही. पाणी आधीपासून होतं, माणसं नंतर आली, आणि त्यांनी पाण्याच्या वर घर केलं. मुंबईत तळं दिसलं की भर टाकून मैदान करायचं ही आपली रीत. मी दोन मिनिटं कशाचाही भाव काढला नाही. विजयकरांनी माझ्याकडे संशयानं पाहिलं.

तळ्याची देखरेख करणारे एक वयस्कर गृहस्थ पायरीवर बसले होते. पांढरी दाढी, लेंगा, हातात जाळीची लांब काठी. पाण्यावर पडलेली पानं काढत होते. मी घसा खाकरला आणि माझं सगळं हिंदी गोळा केलं. "चाचा, नमस्ते. हम लोग परेल से आया है. इमारत देखने को मंगता है. ये साहब बहुत बडा आदमी है, कागज पे चित्र निकालेगा."

त्यांनी काठी बाजूला ठेवली. "अहो, मराठीत बोला की. तुमचं हिंदी ऐकून मासे खाली गेले."

त्यांचं नाव मुकादम. दाभोळच्या खाडीकाठचे. कोकणी मुसलमान मुंबईत माझ्या आजोबांच्या कितीतरी आधी आले, हे मला विजयकरांनी सांगितलं आणि मुकादमांनी मान हलवली, म्हणजे हे मला माहीत असायला हवं होतं. आम्ही रुमाल बांधले, पाय धुतले. मुकादम म्हणाले, "आधी खाली बसा. वर चढायची घाई करू नका. ही इमारत खालून वाचायची आहे."

विजयकरांनी वही काढली. पेन्सिलीच्या चार रेघांत कमान उभी. तो माणूस रेघ ओढताना मी तोवर कधी पाहिला नव्हता. रागातसुद्धा मान्य करतो, बघण्यासारखी गोष्ट आहे. हात कुठंही थांबत नाही, आणि जिथं थांबतो तिथं दगड संपलेला असतो.

"तळाला झरे आहेत," मुकादम सांगत होते. "भर उन्हाळ्यात पण आटत नाही. वझू इथंच करायचा, म्हणजे नमाजाआधी हातपाय, तोंड धुणं. मासे पायाशी येतात. लहान पोरं वझू विसरून माशांशीच खेळत बसतात."

डब्यातून त्यांनी तांदळाच्या रव्याचं वाफवलेलं सांदण काढलं. आमच्या आईचं सांदण फणसाच्या रसातलं, पिवळं. यांचं नारळाच्या दुधातलं, पांढरं, तोंडात धरलं की विरघळणारं. मी म्हटलं, "खरं सांदण फणसाचं."

"ते तुमच्याकडे फणस उरतो म्हणून," मुकादम म्हणाले. मी आणखी एक घेतलं.

शनिवार, वरचा मजला

वर गेलो आणि माझा धंदा माझ्या अंगात आला.

खाली सगळा दगड, वर सगळं लाकूड. सागवानी खांबांच्या पाच ओळी, एकामागे एक, पश्चिमेच्या भिंतीकडे निघालेल्या. त्या भिंतीत कमानीचा कोनाडा, नमाजाची दिशा दाखवणारा. विजयकर म्हणाले, "इथं मूर्ती नाही, त्यामुळे नजर कशावर तरी थांबवायची नाही, तिला दिशा द्यायची आहे. हे काम खांब करतात बघा." खरंच, कुठंही उभं राहा, ओळी तुम्हाला हळूच पश्चिमेकडे वळवतात. आणि प्रत्येक खांबाला धर्मग्रंथ ठेवायला जागा केलेली. माणसानं टेकून बसावं, हात वर करावा, पुस्तक हाती यावं. आमच्या गावच्या देवळात सभामंडपाला लाकडी खांब आहेत, पण त्यांच्यावर नुसते मोर आणि वेली. पुस्तक ठेवायची युक्ती आमच्या सुताराला सुचली नाही, किंवा गावात पुस्तक नव्हतं.

मी एका खांबावर बोटाच्या पेरानं टकटक केलं. कान लावला. खिशातली टेप काढली. हा माझा दोष आहे. सागवान दिसलं की टेप आपोआप बाहेर येते. घेर धरला, उंची नजरेनं मापली, ओळी मोजल्या, आणि मोठ्यांदा म्हणालो, "विजयकर, हे खांब आज निघाले ना, तर बाजारात झुंबड उडेल! असं लाकूड आता जन्मात मिळायचं नाही. एक ट्रक कमी पडेल!"

जिन्यात बाहेर टोप्या विकणारा टोपीवाला उभा होता, हे मला दिसलं नाही.

आम्ही खाली आलो तेव्हा दारापाशी सात-आठ दुकानदार जमले होते. एकानं कमरेवर हात ठेवून विचारलं, "साहब, बिल्डर कौन है?"

"कसला बिल्डर?"

"छुपाओ मत. खांब निकालने की बात हुई. ट्रक भी बोला. टेप लेके नाप भी लिया." दुसरा म्हणाला, "हमारे दुकान का क्या? कितना कारपेट एरिया देंगे?" तिसऱ्यानं मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "कोपऱ्यावरचा गाळा मिळेल का? मी आधी सांगून ठेवतो."

एका मिनिटात मी, ज्यानं आयुष्यभर पडक्या इमारती बघितल्या, तो उभ्या इमारतीला पाडणारा ठरलो. मी ओरडलो की मी फक्त कौतुक केलं. कुणी ऐकेना. मुंबईत टेप हातात घेऊन कौतुक करणारा माणूस कुणी पाहिलेलाच नाही.

शेवटी मुकादम काठी घेऊन आले. "अरे भाई, ये लकडीवाले हैं. खांब सूंघने आए हैं. बिल्डर होते तो सांदण नहीं खाते, सीधा सर्वे करते." हशा झाला. टोपीवाला वरमला. कोपऱ्यावरचा गाळा मागणारा सगळ्यात आधी गायब झाला.

आणि मग मी वळून बघतो तर विजयकर. पायरीवर बसलेले, वही मांडीवर पालथी, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत. हसता हसता म्हणाले, "बघा परब. मी म्हणालो होतो. भाव!"

पुन्हा पायऱ्यांवर

बायकोला दिलेला शब्द तिथं तळ्यात बुडाला.

"विजयकर," मी म्हटलं, "अकरा वर्षं झाली. तुम्ही चारचौघांत माझ्या तोंडावर म्हणालात की मला घडण कळत नाही. मी मुलीचा बाप, म्हणून गप्प बसलो."

त्यांचं हसू थांबलं. "गप्प बसलात ते मला आठवतंय. मला वाटलं, पटलं म्हणून गप्प बसलात."

"पटलं? मला?"

"मीसुद्धा चकित झालो होतो. तुम्ही सगळे गेल्यावर हिला म्हटलं, माणूस मोठा समजूतदार आहे."

हे ऐकून मला आणखी राग आला. अकरा वर्षं मी जो अपमान जपला, तो या माणसानं माझा चांगुलपणा म्हणून जमा केला होता. मुकादम दोन पायऱ्या वर सरकून बसले. कोकणातला माणूस भांडण सोडून जात नाही, फक्त जागा बदलतो.

"मला घडण कळत नाही ना? मग सांगा," मी बोट दाखवलं, "खाली दगड आणि वर लाकूड का? तुम्ही एवढी वर्षं पोरांना शिकवलंत."

"वजन. वरचा मजला हलका हवा, म्हणून लाकूड."

"अर्धं बरोबर. खाली लाकूडच का नाही घातलं? त्या काळी जंगलं होती. लाकूड मुबलक मिळालं असतं."

"पाण्यात सडलं असतं."

"नाही!" माझा आवाज कमानीखालून फिरून परत आला. "विजयकर, पाण्यात लाकूड सडत नाही. मी शिवडीच्या बंदराकडचे जुन्या जेट्टीचे खांब विकत घेतलेत. खाली चिखलात गाडलेला भाग काढला तर लोखंड. करवत बोथट होते. वर वाऱ्यावर राहिलेला भाग, तोही ठणठणीत. कुजतं कुठं माहितीय? मधे. भरतीला बुडतं आणि ओहोटीला सुकतं तेवढ्या पट्ट्यात. लाकडाला पाणी मारत नाही आणि ऊनही मारत नाही. ओलं-सुकं, ओलं-सुकं होत राहिलं की ते मरतं."

मी त्यांना हात धरून पाण्याजवळच्या पायरीवर नेलं, गुडघा विसरून. कमानींच्या दगडावर शेवाळाच्या रेघा होत्या, एकावर एक. पाऊसकाळातल्या पाण्याची वरची, आताची खालची.

"ही बघा पाण्याची ये-जा. आता वर बघा, लाकूड कुठं सुरू होतं. जिथं पाणी येतं-जातं तो सगळा पट्टा त्यानं दगडाला दिला. लाकडाला एक दिवससुद्धा ओलं-सुकं होऊ दिलं नाही. म्हणून वरचा खांब टकटक केल्यावर घंटेसारखा बोलतो. ज्यानं हे बांधलं त्यानं आधी पाण्याला विचारलं, मग दगडाला, मग सुताराला. ह्याला मी घडण म्हणतो. तुम्ही काय म्हणता मला माहीत नाही."

मला दम लागला होता.  विजयकरांनी वही उघडली. त्या पानावर इमारतीचा छेद काढलेला होता, खाली तळं, मधे कमानी, वर खांब. दगड संपतो आणि लाकूड लागतं तिथली आडवी रेघ त्यांनी पेन्सिलीनं हळूहळू पुन्हा गिरवली.

"ही रेघ," ते म्हणाले, "मी फळ्यावर नोकरीभर काढली. दर वर्षी. ती इथंच का, हे मी कधी विचारलं नाही. एकाही पोरानं मला विचारलं नाही." मग वर न बघता, "शेवाळ इथवरच ना? नीट दाखवा."

मी दाखवलं. त्यांनी शेवाळाच्या दोन्ही रेघा चित्रात घातल्या आणि बाजूला बारीक अक्षरात लिहिलं: ओलं-सुकं.

मुकादम वरून म्हणाले, "मी इथं एवढी वर्षं शेवाळ घासतोय. मला वाटायचं ती घाण आहे."

 मासे पायाशी आले. मी वाट बघत होतो. विजयकरांचा स्वभाव मला माहीत होता. तो माणूस मुलाच्या लग्नातसुद्धा कुणापुढे वाकला नाही. आणि त्याच्यावर तिऱ्हाईतादेखत शब्द मागे घ्यायची पाळी आणणारा मी, माझ्या मुलीचं तिथं आयुष्य चाललेलं. मला वाटलं, जाऊ दे परब, उठ आता.

तेवढ्यात त्यांनी विचारलं, "तुमच्या धंद्यात चुकीचा भाव बोललेला माणूस काय करतो हो? शब्द मागे घेतो?"

"शब्द कधी मागे घेत नाहीत. नवा भाव देतात."

"कसा?"

 त्यांना ते माहीत होतं, मीच शिकवलं होतं. आम्ही मुकादमांबरोबर दारापर्यंत आलो, बाहेरच्या ओट्यावर बसून चपला घातल्या. विजयकरांनी डोक्यावरचा रुमाल सोडला, तो पुऱ्या भावाचा, झटकला, आणि उजवा हात पुढे केला. वर रुमाल टाकला. समोरून अत्तरवाला बघत होता, टोपीवाला बघत होता, मुकादम तर उघडउघड मान वाकडी करून बघत होते.

मी हात खाली घातला. त्यांची बोटं आता थंड नव्हती. त्यांनी एकदाही चूक केली नाही. मनगट धरलं नाही.

हात बाहेर काढले. मुकादमांना राहवेना. "काय ठरलं?"

"रुमालाखाली ठरलं," विजयकर म्हणाले. मग काठी टेकून उठता उठता, "पण परब, त्या देव्हाऱ्याचा चौथा खांब वेगळाच आहे हां."

"आहे," मी म्हटलं. आयुष्यात पहिल्यांदा. "जुळणारा शोधून बदलून देतो."

"खबरदार. रोज पूजेला बसताना तोच धरून बसतो मी. ऑपरेशननंतर तर त्याच्यावरच भार आहे."

घरी आलो. बायकोनं दार उघडल्याउघडल्या माझ्या तोंडाकडे बघितलं. "भांडलात मां?"

"भांडलो."

"आणि? काय म्हणाले ते?"

मी खिशातून माझा रुमाल काढून तिच्या हातात दिला आणि पाय धुवायला गेलो. नियम म्हणजे नियम. विजयकरांनी किती बोटं धरली, ते चौदाव्यावरच्यांनाही सांगणार नाही. एवढंच लिहितो, की पहिल्याच भावाला मी हो म्हटलं.